‘रेस’ आणि ‘रेव्ह’ : इंजिनाच्या फेऱ्यांची गोष्ट

“गाडीची रेस फार झालीय, जरा कमी करून द्या.” दुचाकी दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात हे वाक्य ऐकायला मिळते. मेकॅनिक इंजिन चालू करतो, क्षणभर कान देतो. गाडी जुनी, कार्ब्युरेटरची असेल तर एक बारीकसा स्क्रू थोडा फिरवतो आणि म्हणतो, “झाली कमी.” गाडी तर स्टँडवर उभी आहे. ती कुणाशी शर्यत लावत नाही. मग ही रेस कसली?

इंग्रजी बोलणारे लोक याच गोष्टीसाठी आणखी एक शब्द वापरतात : ‘रेव्ह’. इंजिनाचे ‘रेव्हज्’ वाढले, इंजिन ‘रेव्ह’ केले, असे ते म्हणतात. हाही बोलण्यातलाच शब्द. औपचारिक लिखाणात त्याऐवजी ‘रिव्होल्यूशन्स पर मिनिट’, म्हणजेच आपले ‘आरपीएम’ येते. (वर्तमानपत्रात अधूनमधून दिसणारी ‘रेव्ह पार्टी’ मात्र यातली नव्हे. तो वेगळाच शब्द आहे, देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात इतकेच.)

रेस आणि रेव्ह हे दोन्ही शब्द दुकानात, गोदीत, विमानतळावर, कामाच्या घाईत घडले आहेत. त्यांचा माग काढला तर इंजिनाच्या इतिहासातला एक महत्त्वाचा धागा हाती लागतो, आणि वर्गात नेहमी होणारा एक गोंधळही सुटतो. म्हणून या लेखात आपण हा माग काढणार आहोत.

रेस म्हणजे गाडीचा वेग नव्हे

आधी अर्थ स्पष्ट करून घेऊ. इंजिनात दट्ट्या वर-खाली होतो आणि त्यामुळे क्रँकशाफ्ट नावाचा दांडा गोल फिरतो. हा दांडा एका मिनिटात किती फेरे घेतो, तो आकडा म्हणजे इंजिनाचे रेव्हज्, आणि आपल्या मेकॅनिकच्या भाषेत रेस. गाडी ताशी किती किलोमीटर जाते हा वेगळा आकडा आहे. दोन्हींमध्ये गिअर असतात, त्यामुळे एक वाढला की दुसरा वाढेलच असे नाही.

घाट चढणारी एस.टी. आठवून पाहा. इंजिन जोरजोरात ओरडत असते, पण गाडी मात्र रमतगमत चाललेली असते. फेरे भरपूर, वेग कमी. तीच गाडी सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये धावते तेव्हा वेग बराच असतो, पण इंजिनाचा आवाज शांत होतो. आणि स्टँडवर उभ्या असलेल्या दुचाकीचा वेग तर शून्यच, तरीही इंजिन मिनिटाला हजार-बाराशेच्या आसपास फेरे घेत असते.

मुलांना हे सायकलवरून लगेच समजते. समजा पायडलजवळच्या मोठ्या चाकाला ४४ दाते आहेत आणि मागच्या लहान चाकाला १८. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक ४४ भागिले १८, म्हणजे सुमारे २.४४ फेरे घेईल. चाकाचा परीघ २.२ मीटर धरला तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ५.४ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० वेळा पायडल फिरवले तर ताशी सुमारे १९ किलोमीटर वेग मिळतो. इथे आपले पाय हे इंजिन, आणि ६० हा त्याचा आरपीएम. मागच्या चाकाचे दाते बदलले तर तेवढ्याच ६० फेऱ्यांत वेगळा वेग मिळेल.

आपल्या पाठ्यपुस्तकात चाल आहे, वेग आहे, त्वरण आहे. इंजिनाच्या फेऱ्यांसाठी मात्र चटकन वापरता येईल असा शब्द तिथे सहसा सापडत नाही. तो दुकानात आहे.

आकाशातून आलेला शब्द

‘रेव्ह’ हे ‘रिव्होल्यूशन’ या शब्दाचे शेंडी धरून तोडलेले रूप आहे. ‘ऑम्निबस’ची नुसती ‘बस’ उरली आणि ‘फोटोग्राफ’चा ‘फोटो’ उरला, तसाच हा प्रकार. (इंग्रजीत ‘रेव्हरंड’ या पदवीचेही संक्षिप्त रूप अक्षरशः असेच लिहितात. पण रेव्हरंड टिळकांच्या नावामागचा शब्द आणि इंजिनाचा शब्द यांचे मूळ अगदी वेगळे आहे.)

‘रिव्होल्यूशन’चे मूळ लॅटिन आहे. ‘रिव्हॉल्व्हेरे’ म्हणजे मागे वळणे, फिरून पूर्वीच्या जागी येणे. फिरत्या नळकांड्याच्या पिस्तुलाला रिव्हॉल्व्हर म्हणतात तेही यावरूनच. इंग्रजीत हा शब्द प्रथम रुळला तो आकाशाच्या संदर्भात. ग्रह-तारे फिरतात आणि ठरावीक काळाने पूर्वस्थितीला येतात, त्यांचे ते फिरणे म्हणजे रिव्होल्यूशन. कोपर्निकसचा जो ग्रंथ १५४३ साली न्यूरेंबर्ग येथे छापला गेला, त्याच्या लॅटिन नावातच हा शब्द आहे. खगोलांच्या परिभ्रमणांविषयीचा तो ग्रंथ होता. राज्यसत्तेची उलथापालथ हा अर्थ नंतरचा. इंग्लंडमध्ये १६८८ साली आणि फ्रान्समध्ये १७८९ साली जे घडले त्याला हे नाव मिळाले, आणि पुढे तोच अर्थ जास्त प्रसिद्ध झाला.

गंमत अशी, की मराठीतही ‘क्रांती’ या शब्दाचा प्रवास आकाशातूनच झाला आहे. संस्कृत ‘क्रम्’ या धातूचा अर्थ पाऊल टाकणे, चालणे. ज्योतिषशास्त्रात क्रांती हा सूर्याच्या व ग्रहांच्या मार्गाशी संबंधित पारिभाषिक शब्द आहे. सूर्याचा तारकांमधला वार्षिक मार्ग म्हणजे क्रांतिवृत्त. सूर्य एका राशीतून दुसरीत जातो ती संक्रांत. म्हणजे तिळगूळ वाटतानाचा शब्द आणि मुंबईच्या ऑगस्ट क्रांती मैदानाच्या नावातला शब्द हे एकाच घरातले आहेत. दोन भाषांनी एकमेकींपासून इतक्या दूर राहून आकाशातलाच शब्द राजकारणासाठी उचलावा, हे वर्गात सांगण्यासारखे आहे.

इथे एक शंका मुले हमखास विचारतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते परिवलन आणि सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण, असे आपण शिकवतो. मग क्रँकशाफ्ट तर स्वतःच्याच अक्षाभोवती फिरतो, त्याला ‘रिव्होल्यूशन’, म्हणजे परिभ्रमण, कसे म्हणायचे? शंका रास्त आहे. खगोलशास्त्रात हा भेद काटेकोरपणे पाळतात. यंत्रशास्त्राने मात्र ‘रिव्होल्यूशन’ हा शब्द ‘एक पूर्ण फेरा’ या मोजणीच्या अर्थाने घेतला. कुठे फिरते यापेक्षा किती वेळा फिरून मूळ जागी आले, हे तिथे महत्त्वाचे. म्हणून मराठीत इंजिनाच्या बाबतीत परिवलन की परिभ्रमण असा घोळ न घालता सरळ ‘फेरे’ म्हणावे हे बरे.

फेरे मोजायची गरज कुणाला पडली?

इंजिनाचे फेरे मोजण्याची सुरुवात कुतूहलातून झाली नाही. ती पैशाच्या हिशोबातून झाली. जेम्स वॅटच्या सुधारित वाफेच्या इंजिनाला १७६९ साली पेटंट मिळाले. त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन हा व्यवहारी माणूस होता. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातील खाणींतून पाणी उपसायला ही इंजिने जात. जुन्या न्यूकोमेन इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक-तृतीयांश हिस्सा खाणमालकाने द्यायचा, असा करार असे.

आता कोळसा किती वाचला हे ठरवायचे तर इंजिनाने किती काम केले ते कळायला हवे. इंजिनाचा प्रत्येक झोका ठरावीक पाणी उचलतो, म्हणून झोके मोजले की काम कळले. यासाठी इंजिनाच्या डुलणाऱ्या तुळईवर एक पेटी बसवत. आत लंबक असे. तुळई एकदा डुलली की लंबक झुले आणि एक दातेरी चाक एका दात्याने पुढे सरके. पेटीला कुलूप असे, कारण प्रश्न पैशाचा होता. आपल्या घरातल्या विजेच्या मीटरचा हा पूर्वज म्हणायला हरकत नाही.

त्या काळची इंजिने मिनिटाला दहा-वीस झोके घेत. ते कुणीही उभ्या उभ्या मोजावेत इतके संथ. पण इंजिनाने फक्त वर-खाली डुलण्यापेक्षा चाक फिरवले तर गिरण्याही चालवता येतील, हे लवकरच लक्षात आले. क्रँकचा वापर करण्यात दुसऱ्याच्या पेटंटची अडचण होती, म्हणून १७८१ साली वॅटने एक वेगळी दातेरी जोडणी पेटंट केली. तिच्यात एक चाक दुसऱ्या चाकाभोवती फिरे, म्हणून तिचे नाव पडले ‘सूर्य आणि ग्रह’. आकाशातले परिभ्रमण असे थेट कारखान्यात उतरले! दोन्ही चाकांचे दाते सारखे असले तर ‘ग्रहा’च्या एका प्रदक्षिणेत ‘सूर्य’ स्वतःभोवती दोन फेरे घेतो. दोन सारख्या चकत्या किंवा नाणी घेऊन हे करून पाहायला हरकत नाही. फक्त ‘ग्रह’ नाण्यावरचे चित्र सतत सरळ राहील असे धरून त्याला ‘सूर्या’भोवती न्यायचे, आणि ‘सूर्या’ला मोकळेपणी फिरू द्यायचे.

ओझे सुटलेले इंजिन

चाक फिरू लागले आणि एक नवी अडचण उभी राहिली. सूतगिरणीत शंभर चात्या एका इंजिनावर चालत असल्या आणि त्यांतल्या पन्नास अचानक थांबवल्या, तर इंजिनावरचे ओझे अर्धे होते. वाफ मात्र तेवढीच येत राहते. मग इंजिन भन्नाट पळू लागते.

वॅटने १७८८ साली यावर उपाय बसवला. त्याआधी पिठाच्या गिरण्यांत जात्याच्या दोन तळ्यांमधले अंतर राखण्यासाठी फिरत्या गोळ्यांची एक युक्ती वापरत असत. बोल्टनने ती लंडनच्या आल्बियन गिरणीत पाहिली आणि वॅटला कळवली. वॅटने ती इंजिनाला लावली. दोन जड गोळे एका उभ्या दांड्याभोवती फिरतात. फेरे वाढले की गोळे बाहेर फाकतात आणि त्यांना जोडलेली पट्टी वाफेची झडप थोडी मिटते. फेरे कमी झाले की गोळे खाली येतात आणि झडप उघडते. हाच गव्हर्नर. फेरे किती आहेत हे ‘ओळखून’ स्वतःच दुरुस्ती करणारे हे यंत्र पुढे इतके महत्त्वाचे ठरले, की विद्युत्‌चुंबकीय लहरींचा सिद्धांत मांडणाऱ्या जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ साली गव्हर्नरवर गणिती निबंध लिहिला. स्वयंनियंत्रणाच्या शास्त्रातला तो एक पायाभूत निबंध मानला जातो.

आता आपल्या ‘रेस’कडे येऊ. ओझे सुटल्यामुळे इंजिन भरधाव फिरू लागणे, याला एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कारागीर आणि खलाशी ‘रेसिंग’ म्हणत. याचा सर्वांत जास्त त्रास वाफेच्या जहाजांना होई. जहाजाच्या मागच्या बाजूला पाण्याखाली पंखा असतो. खवळलेल्या समुद्रात जहाजाचे नाक लाटेत खाली गेले की शेपटी वर उचलली जाते आणि पंखा पाण्याबाहेर येतो. पाणी कापण्याचे ओझे एकदम नाहीसे होते आणि इंजिन पिसाटल्यासारखे फिरते. पुढच्याच क्षणी पंखा पुन्हा पाण्यात आपटतो आणि सगळ्या यंत्राला हिसका बसतो. अशा वादळात इंजिनवाल्याला झडपेवर हात ठेवून उभे राहावे लागे.

इंग्रजीत ‘रेस’ या शब्दाचे मूळ जुन्या नॉर्स भाषेत सापडते. तिथे ‘रास’ म्हणजे धाव, पाण्याचा जोरदार लोंढा. पाणचक्कीकडे नेलेल्या पाटालाही इंग्रजीत रेस म्हणतात. म्हणजे शर्यत हा त्या शब्दाचा एक अर्थ झाला, एकमेव नव्हे. बेफाम धावणे हा मूळ भाव इंजिनाच्या ‘रेस’मध्ये टिकून राहिला. मोटारी आल्या तेव्हा गाडी उभी असताना इंजिन जोरात फिरवण्यालाही इंग्रजीत हाच शब्द लावू लागले. तोच आपल्या मेकॅनिकांनी उचलला, आणि ‘रेस देणे’, ‘रेस वाढणे’, ‘रेस कमी करणे’ असा मराठी क्रियापदांबरोबर संसाराला लावला.

असे बेफाम धावणे धोक्याचे का? कारण फिरणाऱ्या चाकाच्या कडेवर येणारा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे दुप्पट झाले की ताण चौपट, तिप्पट झाले की नऊपट. बिडाच्या मोठ्या फ्लायव्हीलची कडा मिनिटाला एक मैलापेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे २७ मीटरपेक्षा, जास्त वेगाने फिरू देऊ नये असा जुन्या कारागिरांचा ठोकताळा होता. १ मीटर व्यासाच्या चाकासाठी ही मर्यादा किती फेऱ्यांची होते, हे गणित मुलांना जरूर घाला. (मिनिटाला सुमारे ५१२ फेरे.) गव्हर्नर बिघडून फ्लायव्हील फुटले तर त्याचे तुकडे भिंती फोडून जात.

जहाजाची ही गोष्ट आपल्या शेतकऱ्याला परकी वाटणार नाही. विहिरीवर डिझेल इंजिन चालू असते, पंपाने मध्येच पाणी सोडले की इंजिनाचा आवाज बदलतो. ओझे सुटते, इंजिन उसळी घेते, गव्हर्नर डिझेल कमी करतो आणि आवाज हलका होतो. दूर बांधावर असलेला माणूसही त्या बदललेल्या आवाजावरून ओळखतो की पाणी तुटले. जहाजाचा पंखा पाण्याबाहेर येणे आणि पंपातले पाणी जाणे, यांत विज्ञान एकच आहे.

शब्द आखूड का झाला?

वाफेच्या इंजिनांच्या काळात ‘रिव्होल्यूशन’ हा लांबलचक शब्द चालून गेला. फेरे थोडे होते आणि इंजिन शक्यतो एकाच गतीने चालवायचे असे. पेट्रोलच्या इंजिनाने हे चित्र बदलले.

आकडे पाहा. ऑटोचे १८७६ सालचे चार धावांचे इंजिन मिनिटाला सुमारे १८० फेरे घेई. कार्ल बेंझच्या १८८६ सालच्या तीनचाकी मोटारीचे इंजिन सुमारे ४००. डाइम्लर आणि मायबाख यांचे त्याच सुमाराचे इंजिन ६०० च्या आसपास. फ्रान्समधील द दियों-बूतों कंपनीचे १८९५ सालचे छोटे इंजिन तर १,५०० पर्यंत गेले. वीस वर्षांत आठपट! फेरे वाढवण्यामागे कारण होते. प्रत्येक फेऱ्यात थोडेसेच काम होत असेल, तर मिनिटाला जास्त फेरे घेऊन लहान, हलक्या इंजिनातूनही पुरेशी शक्ती मिळवता येते. जड इंजिन गिरणीत चालेल, पण मोटारीला आणि पुढे विमानाला हलकेच हवे.

दुसरा बदल याहून महत्त्वाचा. डाइम्लरच्या सुरुवातीच्या इंजिनांत एक तापवलेली नळी वायूचे मिश्रण पेटवत असे. ठिणगी केव्हा पडावी हे चालकाच्या हाती नव्हते, आणि गव्हर्नर फेरे जवळजवळ एकसारखे ठेवी. द दियोंच्या इंजिनात विजेची ठिणगी आली आणि तिची वेळ पुढेमागे करता येऊ लागली. मायबाखने १८९३ साली पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्ब्युरेटर केला. हळूहळू मिश्रणाची झडप चालकाच्या हाताखाली आणि पायाखाली आली. म्हणजे फेरे कमी-जास्त करणे हे गव्हर्नरचे काम होते, ते आता माणसाचे झाले. दिवसातून शंभर वेळा जी गोष्ट करायची, तिला आखूड शब्द लागतोच.

‘रेव्ह’ हे नाम विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी छापील इंग्रजीत दिसू लागते. क्रियापद म्हणून, म्हणजे ‘रेव्ह करणे’ या अर्थी, ते पहिल्या महायुद्धाच्या काळात आले. हा काळ योगायोगाने आलेला नाही, असे आम्हाला वाटते. त्या वेळच्या विमानाचा पंखा थेट इंजिनाला जोडलेला असे आणि त्याच्या पात्यांचा कोन बदलता येत नसे. त्यामुळे इंजिनाचे फेरे पाहिले की इंजिन किती शक्ती देते आहे ते कळे. उड्डाणाआधी चाकांना ओंडके लावून, इंजिन पूर्ण जोराने फिरवून, फेऱ्यांचा काटा ठरलेल्या आकड्यापर्यंत जातो का ते पाहत. काटा तिथे पोचला नाही तर विमान वर न्यायचे नाही. ज्या आकड्यावर जीव अवलंबून आहे, त्याचे नाव ओरडून सांगता येईल असेच हवे. एका अक्षराचा ‘रेव्ह’ तिथे सोयीचा होता.

फेरे दाखवणारा काटा मात्र मोटारींहून बराच जुना. ब्रायन डॉन्किन या इंग्रज यंत्रज्ञाने १८१० साली असे एक उपकरण दाखवले होते. त्यात पाऱ्याने भरलेला पेला यंत्राबरोबर फिरे. फिरताना पारा कडेला चढे आणि मध्ये खड्डा पडे. त्या खड्ड्याबरोबर एका नळीतील रंगीत द्रव खाली उतरे आणि पट्टीवर फेऱ्यांचा अंदाज दिसे. खड्ड्याची खोलीही फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फ्लायव्हील फोडणारा वर्ग आणि हा वर्ग एकच.

कान हेच मीटर

मेकॅनिककडे काटा नसतो, तरी तो रेस अचूक सांगतो. कसे? चार धावांच्या, एका सिलिंडरच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो. मिनिटाला १,२०० फेरे असतील तर ६०० स्फोट, म्हणजे सेकंदाला १०. हे ठोके वेगवेगळे ऐकू येतात. फेरे २,४०० झाले की सेकंदाला २० स्फोट. इथून पुढे ठोके एकमेकांत मिसळून सलग सूर ऐकू येऊ लागतो. ४,८०० फेऱ्यांना सेकंदाला ४० स्फोट होतात. फेरे दुप्पट झाले की सूर बरोबर एक सप्तक वर चढतो. मध्य सप्तकातला सा तार सप्तकात जातो तसा. संगीताचा कान असलेल्या माणसाला रेस किती वाढली हे सांगायला काटा लागत नाही, आणि मेकॅनिकचा कान वर्षानुवर्षे नेमका याच सुरासाठी तयार झालेला असतो.

संथ इंजिनाचे फेरे तर वर्गातली मुलेही मोजू शकतात. विहिरीवरची जुनी, लिस्टर जातीची डिझेल इंजिने मिनिटाला ६५० फेऱ्यांची असत. अशा इंजिनाचे सेकंदाला पाचांहून थोडे जास्त ठोके पडतात. इतके भरभर तोंडाने मोजता येत नाहीत. त्याऐवजी एकाने घड्याळ धरावे आणि दुसऱ्याने प्रत्येक ठोक्याला कागदावर पेनाने एक ठिपका द्यावा. १० सेकंदांनी थांबून ठिपके मोजावेत. ५४ ठिपके आले तर मिनिटाला ३२४ ठोके आणि ६४८ फेरे. इंजिनावरच्या पाटीशी उत्तर ताडून पाहिले की मुलांचे डोळे चमकतात. (पट्टा आणि चाक यांपासून मुलांना दूर उभे करा. आवाज लांबूनही पुरेसा येतो.)

वर्गात काय करता येईल?

सायकल स्टँडवर लावा. हाताने पायडल फिरवून मागचे चाक जोरात फिरवा. आता हात तसाच फिरवत असताना दुसऱ्याने ब्रेक हलकासा दाबावा. हाताला ओझे जाणवेल आणि फेरे घटतील. ब्रेक एकदम सोडला की चाक उसळी घेईल. ही झाली रेस. आता ज्याचा हात ब्रेकवर आहे त्याला सांगा, की चाक एकाच गतीने फिरत राहील अशा बेताने ब्रेक दाब आणि सोड. तो झाला गव्हर्नर. असे करताना चाकाची गती थोडी कमी-जास्त होत हेलकावे खाते, हेही दिसेल. मॅक्सवेलच्या निबंधाचा विषय हाच होता.

डॉन्किनच्या पेल्यासाठी झाकणाची पारदर्शक प्लॅस्टिकची बरणी पुरते. ती अर्धी रंगीत पाण्याने भरून दोऱ्याने मधोमध टांगा, दोऱ्याला पीळ द्या आणि सोडा. पाण्याच्या मध्ये खड्डा पडेल. पीळ जास्त, तर खड्डा जास्त खोल.

आणि शेवटची, पण आमच्या दृष्टीने महत्त्वाची सूचना. वर्गात एखादा मुलगा गॅरेजवाल्याचा असतो, एखादीच्या घरी विहिरीवर इंजिन असते. ती मुले ‘रेस’ म्हणतात तेव्हा तो शब्द खोडून ‘वेग’ लिहायला सांगू नये. तसे केले तर आपण बरोबर शब्द काढून त्या जागी चुकीचा शब्द ठेवतो, आणि त्या मुलाला वाटते की आपल्या घरचे ज्ञान शाळेत चालत नाही. वास्तविक ओझे, फेरे, इंधन आणि आवाज यांचा परस्परसंबंध त्याला वर्गातल्या इतरांपेक्षा जास्त माहीत असतो. त्यालाच उभे करून ‘रेस म्हणजे काय’ ते सगळ्यांना सांगू द्यावे, आणि मग फळ्यावर ‘प्रतिमिनिट फेरे’ असे लिहावे.

मुलांना विचारून पाहण्यासाठी काही प्रश्न :

१) डिझेल गाडीच्या धुराची तपासणी करताना गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये इंजिनाची रेस झटकन वाढवतात. त्या वेळी इंजिनावर बाहेरचे ओझे किती असते? मग वाढलेले इंधन कशासाठी खर्च होते?

२) सिग्नलला थांबलेला दुचाकीवाला उगाच रेस देतो, तेव्हा गाडीचा वेग किती? जळणाऱ्या पेट्रोलचे काय होते?

३) इंजिनाचे फेरे ३,००० वरून ६,००० झाले, तर सूर किती चढेल? फ्लायव्हीलच्या कडेवरचा ताण किती पट होईल?

४) विजेवर चालणारी दुचाकी सिग्नलला उभी असते तेव्हा तिच्या मोटरचे फेरे किती असतात? मग अशा गाडीबद्दल “रेस कमी करून द्या” असे कधी म्हणता येईल का?